बायकोच्या पावलांचा सिनेमा

लोकांना गप्प करणं ही एक कला आहे आणि ती मला येते! उगाच फुशारकी मारत नाही. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार खिडकीवर बसतो. सकाळी खिडकी उघडली की समोर माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी असतात आणि एकेकाचा आवाज असा, की वरच्या मजल्यावरचे साहेब दार लावून घेतात. अशा लोकांना मी गप्प करतो. कसं? त्यांनी तोंड उघडायच्या आत आपण उघडायचं. उठून उभं राहायचं, हात जोडायचे आणि परिस्थिती काय आहे ती सावकाश, सविस्तर, शेवटपर्यंत सांगायची. ऐकून ऐकून माणूस दमतो आणि घरी जातो. पाणी काही येत नाही, पण शांतता होते.

म्हणून बायको जेव्हा काळजीत पडली, की थिएटरात हल्ली इतका कालवा असतो की माझं काम आईंना ऐकूच जाणार नाही, तेव्हा मी तिला म्हटलं, "ते माझ्यावर सोड."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तेव्हाच तिने नको म्हणायला हवं होतं. आता मी माझी चूक तिच्यावर ढकलतोय असं नाही, पण म्हणायला हवं होतं.

बायकोचं काम काय ते आधी सांगतो, कारण ते कुणाच्या पटकन डोक्यात शिरत नाही. सिनेमात माणूस चालतो, दार उघडतो, कोट काढून खुंटीला अडकवतो, कपात चमचा फिरवतो. त्याचे आवाज आपल्याला ऐकू येतात आणि आपण समजतो की ते त्याचेच. तसं नसतं. शूटिंगच्या जागी जनरेटर धडधडत असतो, कुणीतरी खोकत असतं, कुणाच्या तरी हातातून शिडी निसटत असते. मग हे बारीकसारीक आवाज मागाहून स्टुडिओत करून घेतात. पडद्यावर हिरो चालतो आणि त्याच्यासमोर, अंधाऱ्या खोलीत, माझी बायको त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकते. हिरोच्या, हिरोइनच्या, व्हिलनच्या, सगळ्यांच्या वाटचं तीच चालते. एकदा तर आख्खी पलटण ती एकटी चालली होती, आणि घरी येऊन गरम पाण्यात पाय घालून बसली होती.

बरं, हे आवाज खऱ्या वस्तूंचे असतात म्हणाल, तर तेही नाही. बर्फातून चालायचं असलं की कॉर्नफ्लोअर भरलेली पिशवी दाबायची. पाखरू उडालं की चामड्याचे हातमोजे फडफडवायचे. कुणाचं हाड मोडलं की गाजर. शेकोटी पेटली की वेफर्सचं रिकामं पाकीट माइकपाशी धरून हळूहळू चुरगाळायचं. आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू अशा कामाला गेल्या आहेत. माझा रेनकोट गेला, बॅगेची कडी गेली. न्हाणीघराचं दार कुरकुरतं त्याला मी तेल घालू शकत नाही, कारण तिला त्याचा आवाज घ्यायचा आहे! या सगळ्याचा परिणाम असा झाला की माझे कान बिघडले. पडद्यावर शेकोटी पेटली की मला पाकीट दिसतं, आणि बसमध्ये शेजाऱ्याने वेफर्स उघडले की मला ऊब वाटते.

आईला हे काम म्हणून मान्य नव्हतं. तिने स्वतः बँकेत कॅशियर म्हणून जन्म काढला. तिच्या हिशेबी काम म्हणजे सकाळी जायचं, सही करायची, खुर्चीवर बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. चालायचे पैसे मिळतात हे तिला एखाद्या फसवणुकीसारखं वाटायचं. कुणी विचारलं की सून काय करते, तर ती म्हणायची, स्टुडिओत असते. तिथे काय करते? तर म्हणायची, असते. त्यात पैसे कधी भरपूर, तर कधी महिनोन्महिने काहीच नाही. शेवटी आईने परस्पर मामाशी बोलून त्याच्या ऑफिसात बायकोसाठी जागा बघितली. फायली लावायचं काम, कायमची नोकरी, आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं.

घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या, यावरून मला अंदाज आला. शेवटी जेवताना बायकोने हात थांबवला आणि म्हणाली, "आई, एकदा माझा सिनेमा ऐका. ऐकून तुम्ही म्हणालात की हे सोड, तर मी सोमवारी मामांकडे जाते."

सिनेमा ऐकतात नव्हे, बघतात, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

हा सिनेमा म्हणजे तिचं सगळ्यात मोठं काम. बर्फाच्या डोंगरात एक म्हातारा-म्हातारी राहतात. सिनेमा अर्ध्यावर आला की म्हातारा जातो, आणि मग बराच वेळ म्हातारी घरात एकटीच वावरते. कुणी बोलत नाही, संगीत नाही, काही नाही. तिचं चालणं, तिचे कपडे, तिची भांडी, एवढंच. म्हणजे सगळी माझी बायको. त्या तुकड्यासाठी ती कित्येक दिवस वेड्यासारखी राबली होती. दिग्दर्शकाला पसंत पडलं तरी हिला पसंत पडेना, म्हणून पुन्हा जाऊन चालून यायची. तो तुकडा आईने नीट ऐकला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी तिच्या हातावर थोपटलं आणि सांगितलं, की तू निर्धास्त राहा.

मी रविवारी सकाळचा पहिला खेळ निवडला. गोंगाट करणारी जात उशिरा उठते, हा माझा अभ्यास. शिवाय सकाळचा खेळ स्वस्त असतो अशी माझी समजूत होती. तो स्वस्त नव्हता, नुसताच सकाळचा होता. तिकिटाचा आकडा बघून मी खिडकीतल्या माणसाला विचारलं, की यात खुर्ची घरी न्यायची असते का. तो माणूस मुरलेला होता. त्याने न हसता पुढच्या माणसाकडे बघितलं. मी स्वतः खिडकीत बसतो, त्यामुळे ती नजर मी ओळखली आणि मुकाट्याने पैसे दिले.

दारावरच्या रखवालदाराने आईच्या पिशवीतली बिस्किटं काढून घेतली. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाला. आईला गोळी घ्यायची होती आणि ती रिकाम्या पोटी चालत नाही. मग आतल्या काउंटरवर जाणं आलं. तिथल्या दरांचा फलक उजेडाने इतका झगमगत होता की आकडे चुकून खोटे वाटावेत. मी सगळ्यात लहान पॉपकॉर्न मागितले. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, की त्याच्यापेक्षा मधला थोडाच महाग आहे. मधला मागितला, तर म्हणाली, मोठा त्याच्याहून थोडाच महाग. अशा थोड्या थोड्याने मी वर चढत गेलो आणि शेवटी माझ्या हातात एक बादली आली. खरीखुरी, कडी असलेली बादली! रविवार असूनही मला ऑफिसात असल्यासारखं वाटायला लागलं.

आत गेलो. माणसं फार नव्हती, पण होती ती सगळी आमच्याच आसपास बसली होती. पुढच्या रांगेतल्या बाई फोनवर कुणाला तरी पडद्याचं माप सांगत होत्या. तेही सिनेमाच्या नव्हे, बैठकीच्या खोलीच्या पडद्याचं. बरोबर मागे एक जाडसे गृहस्थ वेफर्सचं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. ते एकावेळी एकच वेफर काढत. हात पाकिटात जायचा, आत शोधाशोध व्हायची, मग कुरकुर, मग पुन्हा हात. पलीकडच्या जोडप्याचं, घराचा गॅस बंद केला की नाही, यावर चाललं होतं. बायको खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती आणि प्रत्येक आवाजाला तिचे खांदे वर जात होते. मला ते बघवेना.

मी उठलो. बायकोने माझा शर्ट धरला, पण मी पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो होतो, हात जोडले होते, आणि एकदा हात जोडले की मी थांबत नाही.

मी सगळं सांगितलं. अगदी सविस्तर. की मित्रहो, या सिनेमात माझ्या पत्नीचं काम आहे. ती ही इथे बसलेली. ती तुम्हाला दिसणार नाही, पण ऐकू येईल. माझी आई आज ते पहिल्यांदा ऐकणार आहे, आणि त्यावर आमच्या घरातलं बरंच काही अवलंबून आहे. तरी कृपा करून आवाज करू नका. लोक थक्क होऊन ऐकत होते. टाळ्यासुद्धा पडल्या! फोनवाल्या बाईंनी फोन बंद केला. मी खाली बसलो आणि बायकोकडे बघितलं. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. मला वाटलं, भरून आलं असेल.

मागून वेफर्सवाल्या काकांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. वहिनी गातात का, विचारलं. मी म्हटलं नाही. मग बोलतात? नाही. मग ऐकू काय येणार? मी म्हटलं, ती चालते. काकांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, त्याने पलीकडच्या जोडप्याला, आणि गॅसचा विषय तिथेच संपून सगळं थिएटर माझ्या बायकोच्या चालण्यावर बोलायला लागलं.

सिनेमा सुरू झाला. म्हातारा बर्फातून चालत आला, करकर करकर. मागून टकटक.

"हे वहिनींचं का?"

मी मान हलवली. काकांनी मागे वळून जाहीर केलं की हे वहिनींचंच. म्हाताऱ्याने दार लावलं. फोनवाल्या बाई वळल्या आणि भुवया उंचावून विचारलं. मी पुन्हा मान हलवली. घोडा आला, तेव्हा मात्र जोडप्यातल्या नवऱ्याला राहवलं नाही. घोडापण त्याच का, असं त्याने तीन रांगा ओलांडून विचारलं, आणि त्याची बायको त्याच्यावर डाफरली, की लाज नाही वाटत, एका बाईमाणसाला घोडा म्हणताना. यावर दोघांचं जुंपलं.

ऑफिसात असं कधी होत नाही. तिथे मी बोललो की लोक दमतात. इथे मी बोललो आणि लोकांना हुरूप आला! पूर्वी ते आपापसांत बोलत होते, आता सगळे मिळून माझ्याशी बोलत होते. कप खाली ठेवला, तरी पन्नास डोळे माझ्याकडे. म्हातारीने सुस्कारा टाकला, तर काकांनी कौतुकाने माझी पाठ थोपटली. तो सुस्कारा नटीचाच होता, पण आता तेवढं समजावत कुठे बसू? मी घामाघूम झालो होतो. एक पाय सारखा हलत होता, तो दुसऱ्याने दाबून धरला, तर दुसरा हलायला लागला. आई शांतपणे पॉपकॉर्न खात होती आणि बायको समोर बघत होती. माझ्याकडे नाही, समोर.

आणि म्हातारा गेला.

पडद्यावर अंधार झाला. म्हातारी एकटी त्या काळ्या घरात उभी. बायकोने श्वास घेतला तो माझ्या लक्षात आला, कारण तिने तो सोडलाच नाही. तिचा हात माझ्या हाताला लागला तर बर्फासारखा गार. आईनेसुद्धा बादली खाली ठेवली आणि चष्मा पुसून घातला. थिएटरात शांतता झाली. त्या शांततेत मला तो ओळखीचा, बारीक, कडकड तडतड आवाज आला आणि माझी छाती फुगली.

मी आईच्या कानाशी लागलो. "ऐक. शेकोटी. हिनेच केलीय."

आईने कान दिला. मग मान डोलावून म्हणाली, की अगदी खरी वाटते रे. मला इतका आनंद झाला! मी बायकोकडे वाकलो आणि सांगितलं, की आईला आवडलं.

बायको ओठ न हलवता म्हणाली, "अजून काडी पेटलेली नाही."

मी पडद्याकडे बघितलं. खरंच. म्हातारी अंधारात काडेपेटी शोधत होती. शेकोटी पेटली होती ती आमच्या मागच्या रांगेत, काकांच्या मांडीवर.

मी वळलो आणि दबक्या आवाजात त्यांना सांगितलं, की ते पाकीट आधी खाली ठेवा. काकांचं म्हणणं पडलं, की या पाकिटाला त्यांनी जे पैसे मोजले त्यात बाहेर आठवड्याची भाजी येते, तेव्हा ते यातला शेवटचा चुरासुद्धा सोडणार नाहीत. मी त्यांना माझ्या बादलीची किंमत सांगितली. ती ऐकून त्यांना माझी दया आली. त्यांनी निमूटपणे पाकीट खुर्चीखाली सारलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि दुखावलेल्या चेहऱ्याने ते पडद्याकडे बघत बसले. मी हुश्श केलं आणि पुढे वळलो.

वळतो न वळतो तोच पुन्हा तडतड! पुन्हा चुरगाळणं, आणि या वेळी काय मोठ्याने! चारी बाजूंनी! माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो, वळलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "काका, आता मात्र हद्द झाली. एवढी भूक असेल तर घरून जेवून यायचं."

काकांनी दोन्ही हात वर केले. रिकामे. त्यांच्या चेहऱ्यावर नाचरा पिवळा उजेड पडला होता. तो उजेड कुठून येतोय, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला तो पडला नाही. मला वाटलं, काका नाहीत तर दुसरं कुणीतरी. मी खाली वाकून रांगेत पाकीट शोधायला लागलो.

पडद्यावर म्हातारीने शेकोटी पेटवली होती. सगळ्या थिएटरला शेकोटी ऐकू येत होती. एकट्या मला, हे करणाऱ्या बाईच्या सख्ख्या नवऱ्याला, वेफर्सचं पाकीट ऐकू येत होतं.

बायकोने माझा शर्ट ओढला. मी तोल जाऊन एक पाऊल मागे टाकलं ते थेट बादलीत. पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि तिथेच अडकला. उपसायला गेलो तर बादली बरोबर आली आणि अर्धे पॉपकॉर्न पायरीपायरीने खाली गेले. ते आवरायला मी दुसरा पाय टाकला, तो त्यांच्यावर. कुरकुर, करकर, कुर्रर्र. कुणीतरी ओरडलं, की खाली बसा. मी म्हटलं, मी शांततेसाठीच उभा आहे. तेवढ्यात फोनवाल्या बाई वळल्या, माझ्या पायांकडे बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "हे पण वहिनींचंच का?"

थिएटर फुटलं. म्हातारी पडद्यावर नवऱ्याचा कोट छातीशी धरून बसली होती, आणि सगळं थिएटर खो खो हसत होतं.

मी बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती, रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. तिने हात मांडीवर ठेवले होते, आता काही व्हायचं राहिलं नाही, अशी. सोमवार मला समोर दिसला. ती फायली लावत बसलेली दिसली. मला तिला काहीतरी सांगायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडेना.

टॉर्चवाला आला. त्याने उजेड माझ्या तोंडावर टाकला, मग बादलीवर, आणि बाहेर चला म्हणाला. मी आईकडे बघितलं. निदान आई तरी बाजू घेईल.

आई म्हणाली, "जा तू."

मी गेलो. एक पाय बुटात आणि एक बादलीत. त्या चालीचा आवाज कुठल्याही स्टुडिओत करता येणार नाही.

बाहेर पडल्यावर जाड दार माझ्यामागे लागलं आणि सगळं बंद झालं. मी टॉर्चवाल्यापुढे हात जोडले आणि परिस्थिती सांगायला सुरुवात केली. बायको, आई, मामा, सोमवार, काका, पाकीट. त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकदाही अडवलं नाही. मला आशा वाटायला लागली. मग तो म्हणाला, तुमचं म्हणणं समजलं, पण दार उघडता येणार नाही. आणि स्टूल ओढून दारापुढे बसला. पाण्याच्या जागी दार, बाकी शब्दांसकट माझंच वाक्य! रोज मी हे किती जणांना ऐकवतो, आणि ते इतकं लागत असेल याची मला कल्पना नव्हती.

दाराला वर एक गोल काच होती. तेवढी बघायला त्याची हरकत नव्हती. मी बादलीसकट टाचा उंचावून आत बघितलं. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू मात्र टाचणीभरही येत नव्हतं. पडद्यावर म्हातारी चालत होती. या खोलीतून त्या खोलीत. कपाट उघडत होती, एकच कप काढत होती. तिचे पाय हलत होते आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी दाराला कान लावला, तर माझ्याच छातीची धडधड ऐकू आली.

पुन्हा बघितलं. आत एकही डोकं हलत नव्हतं. काकांचे हात गुडघ्यांवर होते. फोनवाल्या बाईंचा फोन कुठे दिसत नव्हता. मघाचं हसणं जणू माझ्या पाठोपाठ दाराबाहेर पडलं होतं. आई पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून पुढे झुकली होती. नंतर माझ्या लक्षात आलं की ती पडद्याकडे बघतच नाहीये. डोळे मिटून ऐकतेय. आणि मग तिने डोळे उघडले आणि मान वळवून माझ्या बायकोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला धड काही कळेना. आईची ती नजर मी कधी बघितली नव्हती, त्यामुळे ती चांगली की वाईट, ते ठरवता येईना. मी टॉर्चवाल्यालाही उठवून दाखवली. त्यालाही ठरवता आलं नाही.

सिनेमा सुटला. माणसं बाहेर यायला लागली, ती गप्पच. जोडपं हातात हात घालून गेलं. काका माझ्यापाशी थांबले. वहिनींना सांगा, फार सुंदर, म्हणाले. आणि माझ्या पायाकडे बघत त्यांनी स्वतः वाकून बादली धरली आणि मला त्यातून सोडवलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी खुर्चीखालून परत आणलेलं पाकीट पुढे केलं. मी एक वेफर घेतला.

सगळ्यात शेवटी आई आणि बायको आल्या. आई कठड्याला धरून थांबली. बायको तिच्या एक पाऊल मागे. मी पुढे होऊन बोलायला तोंड उघडलं, तर आईने हात वर केला. मी तोंड मिटलं.

"त्या म्हातारीचा डावा पाय घासत होता," आई म्हणाली.

बायकोने मान वर केली.

"उंबऱ्यापाशी जरा थांबत होती. आधार चाचपायची, मग पाय टाकायची. आणि रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा चप्पल उचलून चालली. घरात कुणी नाही, तरी कुणाची झोप मोडू नये म्हणून."

"हो," बायको म्हणाली.

"ती मी होते."

"हो आई. स्टुडिओत मला ते काही केल्या जमेना. तरण्या पायांची म्हातारी वाटायची. मग मी घरी तुम्हाला ऐकायला लागले. पहाटे, रात्री. तुम्हाला न विचारता केलं. राग आला असेल तर..."

आईने चष्मा काढला. तो पुसायला तिला काही मिळेना, तेव्हा तिने तो तसाच हातात धरला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी या घरात फिरते, उठते, बसते, त्याचा कुणाला पत्ताही नसतो."

बायकोने पुढे होऊन तिचा हात धरला. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, आणि झाडूवाला त्यांना वळसा घालून माझे पॉपकॉर्न गोळा करायला आत गेला. माझ्याही घशाशी काहीतरी आलं. वेफर असेल म्हणून मी खाकरलो.

आईने तिथूनच मामाला फोन लावला. त्याने पलीकडून बरंच काही विचारलं असावं, कारण ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. मग म्हणाली, "नाही रे, ती नाही यायची. तिला काम आहे."

'काम' हा शब्द आईने माझ्या बायकोच्या बाबतीत उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. बायकोनेही ऐकला असावा, कारण ती एकदम मागे वळून काउंटरवरच्या फलकाकडे बघायला लागली, जणू ते दर तिला पाठ करायचे होते.

बसमध्ये त्या दोघी एका बाकावर बसल्या आणि मी मागच्या. मी हळूच पुढे वाकून म्हटलं, की काही असो, शेवटी शांतता तर झाली. हो, बायको म्हणाली, दार लागल्यावर. मग मी विचारलं, की तो भाग पुन्हा ऐकायला आपण तिघं उद्या जाऊया का. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तिकिटं फार महाग आहेत असं दोघींनी एकदम सांगितलं. मला नंतर कळलं की त्या मंगळवारी जाऊन आल्या.

"पण मी ऐकू कसं?" मी विचारलं. "तो घासणारा पाय, चप्पल उचलून चालणं, ते मी ऐकलंच नाही."

आई मागे वळली. "अरे, मी रोज तुझ्यासमोरून चालते की. इतकी वर्षं."

बस हलत होती आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर मी निश्चय केला. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत खुर्ची आतल्या दाराकडे पाठ करून ठेवली, पंखा बंद केला, फोन बंद केला. बायकोला समोर बसवलं आणि म्हटलं, की आता बघ माझे कान. आई आतल्या खोलीतून उठेल, उंबऱ्यापाशी थांबेल, पाय टाकेल, एकेक पाऊल मी तुला मोजून दाखवतो. ऐकण्याची म्हणून एक पद्धत असते, असं मी तिला सांगितलं. आधी मन मोकळं करावं लागतं. मग शरीर सैल सोडावं लागतं. ऑफिसात दिवसभर ऐकून ऐकून माझा कान कसा तयार झालाय, कालच एक माणूस नुसता खाकरला त्यावरून त्याच्या नळाला किती दिवस पाणी नाही ते मी कसं ओळखलं, तेही सांगितलं. बायको माझ्या खांद्यावरून मागे बघत होती आणि का कोण जाणे, हसू दाबत होती.

तेवढ्यात माझ्या कानाजवळून एक हात पुढे आला आणि कॉफीचा कप माझ्यासमोर धरला गेला.

"घे," आई म्हणाली. "मघापासून मागे उभी आहे. गार झाली असेल."